सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर भरलेली ग्रामसभा

"सरपंच झालेय. पहिली ग्रामसभा बघायला ये," मंजुळाचा फोन आला आणि मी त्याच दिवशी रजा टाकली. नाशिकच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. मंजुळाचे आईवडील रोजंदारीवर जाणारे, घरची जमीन नाही. त्या घरातली मुलगी सरपंच!

नाशिकहून त्र्यंबकेश्वरमार्गे मोखाडा गाठा, तिथून खोडाळा. एसटी आहे, पण स्वतःची गाडी असेल तर बरं. पेट्रोल मोखाड्यातच भरून घ्या. खोडाळ्याच्या बाजारात भजी आणि चहा घेतला. पुढे सूर्यमाळपर्यंत चढ आणि जंगल. एप्रिल होता, पळस संपत आलेला.

मुक्काम मंजुळाकडे. नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि सुक्या बोंबलाची चटणी असं जेवण झालं. हॉटेलं नाहीत, तेव्हा आधी कुणाला तरी सांगून या.

सकाळी कळलं की सभा पंचायतीच्या कार्यालयात नाही, वरच्या पाड्यावर आहे. मंजुळाने आठवडाभर आधीच तशी दवंडी दिली होती. पाण्याची एकच टाकी मंजूर होती. माजी सरपंच भाऊंना ती खाली रस्त्याकडेला हवी होती, मंजुळाला वर. वरच्या बायका दरीतल्या झऱ्यावरून हंडे आणतात. पण पाड्यावरची निम्मी माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेली. पुरेशी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब.

आम्ही धापा टाकत वर पोहोचलो. आंब्याखाली सतरंजी, त्यावर मोजकी माणसं. भाऊ घड्याळ बघत म्हणाले, "ताई, माणसं नाहीत. उगाच उन्हात बसवलंत."

"थांबू थोडं," मंजुळा म्हणाली. तिने माझा हात घट्ट धरला होता.

ग्रामसेवकांनी वही मिटायला घेतली, तेवढ्यात खालच्या वळणावर हॉर्न वाजला. एक जीप, मागे दुसरी. टपावरसुद्धा माणसं!

"भट्टीच्या मालकाला सांगलं, आमचे गावची सभा हाय, आज नाय येत कामाला," पहिला उतरलेला माणूस म्हणाला. मागून बायका, कडेवर पोरं.

भाऊ तरी बोललेच, "खाली टाकी होऊ द्या, मग वर लाईन नेऊ."

हंडा वाहून पाठ वाकलेली एक म्हातारी उभी राहिली. "भाऊ, मी लगीन होऊन आली तवा पन हेच सांगत व्हते. आता मरायच्या आधी पानी दारात बघू दे."

मंजुळाने विचारलं, "टाकी वर व्हावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

सतरंजीवरून हातांचं रान उठलं. खालच्या गावातलेही बरेच हात त्यात होते. भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी स्वतःचाही हात वर केला. ठराव मंजूर! कुणीतरी तारपा काढून फुंकायला लागलं. मला नाचता येत नाही, तरी मी फेरात शिरले.

परतताना जव्हारला थांबले, हनुमान पॉइंटवरून दरी पाहिली. तुम्हीही पाहा, सुंदर आहे. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ते हातच होते.

घरी आल्यावर फोटो कितीदा पाहिले, पण खरी गोष्ट इतक्या महिन्यांनी, काल कळली. मंजुळाचा फोन आला तेव्हा मागे नुसता कल्लोळ.

"काय झालं गं?"

"टाकी भरून वाहतेय! आणि म्हातारी नळ बंदच करू देत नाही. म्हणते, वाहू दे जरा!"