केबलची भाकणूक

आण्णा मला ओरडायचे थांबले तेव्हा मला पहिला संशय आला.

निपाणीजवळच्या एका गावात मी केबलचा वायरमन आहे. आण्णा मालक. त्यांच्या वडिलांनी गावात डिशची पहिली छत्री बसवली, आणि पुढं आण्णांनी आसपासच्या वस्त्यांपर्यंत तार नेली. मी मूळचा वाशीमकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. रस्त्याकडेला टेलिफोनची केबल पुरायला चर खणणारी एक टोळी होती, तिच्याबरोबर फिरत फिरत इकडं आलो आणि इथंच टायफॉईडनं पडलो. टोळी हुक्केरीकडं पुढं गेली. मला आण्णांच्या मोठ्या बहिणीनं, सगळं गाव जिला आक्का म्हणतं तिनं, गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवून घेतलं आणि मऊ भात भरवून उठवलं. उठलो तो तिथंच राहिलो. घर जैन. दिवस मावळायच्या आत जेवायची अशी सवय जडली की गावी गेलो तर आई म्हणते, "काहून बापा, कोंबड्याइसंगं जेवतं का?"

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं मी ज्या माणसावर संशय घेतला त्याचं अन्न माझ्या अंगात आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावं.

आमच्या भागात दसऱ्यानंतरच्या जत्रेत भाकणूक होते. देवाचा माणूस येत्या सालाचं बोलतो: पाऊस कसा, पीक कसं, राज्य कुणाचं, माणसाचं मन कुठं जाईल. ऐकायला कर्नाटकातले आणि महाराष्ट्रातलेही लोक एकाच मांडवात बसतात. मी नवीन होतो तेव्हा जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आण्णांच्या ओट्यावर चहा चालला होता. आण्णा म्हणाले, "देवाची भाकणूक झाली. आता आमच्या वायरमनची होऊं दे. बोल रं, टीव्हीचं येतं साल कसं हाय?"

मी आपला गंमत म्हणून हातात रिमोट धरून उभा राहिलो आणि बोललो, "सासू एक बघंल, सून दुसरं बघंल, नातू तिसरं बघंल. टीव्ही एकटाच बोलत बसंल." सगळे हसले. मग घरोघरी मोबाईल आले, त्यात नेट स्वस्त झालं, आणि तसंच झालं. तेव्हापासून दरवर्षी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी 'केबलची भाकणूक' ठरलेली. आण्णा ती आमच्या लोकल चॅनेलवर थेट दाखवायचे; गावची कबड्डी, लग्नाच्या वराती आणि बाराव्याच्या सूचना लागतात त्याच चॅनेलवर.

माझ्या निम्म्या गोष्टी चुकायच्या. घरात चष्मा लावून पिक्चर बघतील म्हणालो, कुणी लावला नाही. शिमग्यापर्यंत लोकांना त्या बारक्या बारक्या व्हिडिओंचा वीट येईल म्हणालो, तर शिमग्याला खुद्द आक्का गोठ्यात म्हशीच्या अंगाला टेकून तेच बघत उभी. "बघतीस काय एवढं?" विचारलं तर म्हणाली, "काय की बाबा. संपतच न्हाय." पण चुकलं तरी लोकांना चालायचं. कुणी माझ्या बोलण्यावर चालत नव्हतं. मीही नाही.

गेल्या वर्षी मात्र काही गोष्टींचा मेळ लागेना. पावसाळ्यात बेळगावहून एक पांढरी गाडी दोनदा आली. त्यातले लोक घरात बसले नाहीत, सरळ आण्णांबरोबर गच्चीवर गेले, छत्रीभोवती फिरले, खांब कुठून कुठं गेलेत ते बघत राहिले. आण्णा गावात सगळ्यांशी मराठी बोलतात, तिथं मात्र कानडीत, आणि हळू. मी जिन्यात थांबलो होतो. मला कानडी बाजारापुरतं येतं. तीन गोष्टी कानावर आल्या: 'मुंदिन वर्ष', म्हणजे पुढचं वर्ष, 'मुगीतु', म्हणजे संपलं, आणि 'हुडुग', म्हणजे पोरगा. आण्णा मला केस पांढरे व्हायला लागले तरी हुडुगच म्हणतात.

त्यानंतर आण्णांनी ओरडणं सोडलं. मी खांबावर पक्कड विसरून आलो तरी "असू दे" म्हणाले. मी मागितला नसताना आक्कानं नवा शर्ट आणला. ज्याला बाहेर काढायचं त्याच्याशी माणसं अशीच गोड वागतात, असं मला वाटायला लागलं.

तसा माझा संशय त्या दिवसांत सगळीकडंच पोचला होता. मोबाईलवर कुणाचाही आवाज कुणीही काढतंय असं ऐकल्यापासून घरून आईचा फोन आला की मी आधी विचारायचो, आपल्या विहिरीजवळ झाड कशाचं आहे? आई चिडायची. "काहून रे, मले वळखत नाहीस का? बाभुळ हाय, बाभुळ! आन् तुनंच तिच्यावर पतंग अडकवला होता." मग मला हायसं वाटायचं, आणि फोन ठेवल्यावर पुन्हा वाटायचं, पतंगाचं तर मी कुणाला कुणाला सांगितलंय.

जत्रा आली. इतक्या वर्षांत मी भाकणुकीला कधी गेलो नव्हतो, कामं असायची. या वेळी गेलो. मांडवात बसलो, देवाला मनातल्या मनात माझंच विचारलं, सगळ्यांबरोबर कपाळाला भंडारा लावून घेतला आणि सकाळी तसाच ओट्यावर आलो. चहा, पंचवीसतीस माणसं, कॅमेरा लावलेला. शेजारचे आप्पाही होते, ज्यांची हयात तंबाखूच्या वखारीत पानाची प्रत पारखण्यात गेली.

आण्णा म्हणाले, "औंदा थट्टा नको. खरं काय वाटतं ते सांग. पुढच्या साली मानसं काय बघत्यात, कशावर बघत्यात. मी त्याप्रमाणं करणार हाय."

मला वाटलं, हाच तो डाव. तार संपली हे माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं, म्हणजे उद्या मला काढताना म्हणता येईल, तूच म्हणालतास की रं. केबल टिकंल म्हणावं तर ते खोटं, ज्यानं सांभाळलं त्याला खड्ड्यात घालणं. नाही टिकणार म्हणावं तर माझीच खोली, माझंच ताट.

मी देवाच्या माणसाची नक्कल केली. "कुठं पिकंल, कुठं वाळंल. कुणी गाऱ्हाणं सांगंल, कुणी गाणं. गाणं असंल, गाणारा नसंल. दीड मिनिटाची मालिका ईल, उभ्या पडद्यावर, आन् तेवढ्यातच नवरा-बायकू भांडून मिटवून मोकळी हुतील."

लोक हसले. आण्णा नाही हसले. "दोन्हीकडनं बोलायला तू देव हाईस व्हय? देवाला चालतंय. तू वायरमन हाईस. एक काय ते बोल."

आप्पांनी भर घातली, "व्हय रं. पान चांगलं का वाईट, दोन्ही न्हाय म्हणता येत."

मी चिडलो. बोलून गेलो: "मग ऐका. पुढची दिवाळी तुम्ही केबलवर बघणार न्हाईसा. तार उतरंल. खांब नुसते कावळ्यांना ऱ्हातील."

या वेळी कुणी हसलं नाही. मला वाटलं वाक्य कडू होतं म्हणून. तसं नव्हतं. सगळे माझ्या कपाळाकडं बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का मला उठवायला आली. "भाईर ये. तुझी जत्रा भरलीया."

दारात बायका उभ्या. प्रत्येकीच्या पिशवीत सेटटॉप बॉक्स, वायर नीट गुंडाळलेली, रिमोटला रबर लावलेलं. एकीनं तर बॉक्सला हळदकुंकू लावून आणलं होतं. मी म्हणालो, "अवो, काय झालं? बिघडला काय?"

"बिघडला कशाला? तार उतरणार म्हणालतास न्हवं?"

"ती गंमत असती की! दरवर्षी असती."

"दरवर्षी कपाळ मोकळं असतंय," ती म्हणाली. "जत्रंचा भंडारा लावून खोटं बोलतंय कोण?"

मी आप्पांकडं धावलो. म्हटलं, तुम्ही थोर, तुम्ही सांगा लोकांना. मी उद्या चॅनेलवर उभा राहून शब्द मागं घेतो. आप्पांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "बाबा, नुसतं बोलला असतास तर मागं घेता आलं असतं. भंडाऱ्यानिशी बोललास. भाकणूक मागं घेत नसत्यात. ती खरी हुईपर्यंत वाट बघत्यात. तू लांबचा. तुला कुणी सांगितलं न्हाय, ही आमची चूक."

त्या आठवड्यात आमच्या ओट्यावर बॉक्सची भिंत उभी राहिली. लोकांनी सरळ मोबाईलवर आणि शेजारच्या वायफायवर बघायला सुरुवात केली. मी म्हटलेलं माझ्याच म्हणण्यानं खरं व्हायला लागलं होतं.

आण्णांनी मला कंट्रोल रूममध्ये बोलावलं. दार ओढून घेतलं. ते ओरडतील या आशेनं मी गेलो होतो. ते खालच्या आवाजात बोलले.

"एक इचारतो. खरं सांग. ती गाडीवाली मानसं तुला येगळी भेटलती का? तुला कुणी बोलायला लावलं?"

"मला बोलायला लावलं ते तुम्ही, आण्णा."

"मी?"

"मी जिन्यात हुतो. मुगीतु म्हणालासा. हुडुग म्हणालासा. मला काढायचं ठरलं, आन् ते माझ्याच तोंडातनं..."

आण्णा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "त्या कंपनीवाल्यांनी इचारलं, केबल ठेवणार का फायबर घेणार? पुढच्या वर्षीपासनं आमची तार तुमच्या खांबावरनं येईल, म्हणाली. मी म्हटलं, वडलांचं काम मुगीतु असं माझ्या तोंडानं म्हणवत न्हाय. आमच्या हुडग्याला इचारतो. त्यो रोज लोकांच्या घरात जातोय. त्यो जे म्हणंल ते."

"माझ्यावर सोडलं? मी सातवी शिकलेला!"

"मग कुणाला इचारू? गाडीवाल्यांना? त्यांना तार इकायची हाय. लोकांना? ती मला बरं वाटंल तेच सांगणार. तुझं पोट ह्याच्यावर हाय. तुला खोटं बोलून भागणार न्हवतं."

"माझी निम्मी भाकणूक चुकतीया, आण्णा."

"व्हय की," ते म्हणाले. "देवाची पण."

मी हे ऐकून रडलो, असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. हे आधीच ठरलेलं असेल, आणि आता चांगला माणूस म्हणून असं सांगत असतील, तर? त्यांना विचारायला माझ्याकडं विहिरीजवळचं झाड नव्हतं. अजूनही मी बारा आणे विश्वास ठेवतो. उरलेल्या चार आण्यांची लाज वाटते, पण ते जात नाहीत.

आण्णांनी फायबर घेतली. एकच अट घातली: तार तुमची, माणूस माझा. कंपनी म्हणाली, गुढीपाडव्यापर्यंत ठेवून बघू. मला बेळगावात टिळकवाडीतल्या त्यांच्या ऑफिसात शिकायला पाठवलं. तिथं केसासारखी काचेची तार जोडायला शिकवतात; हात जरा हलला की जोड वाया. माझे जोड पहिल्या दिवशी सारखे वाया गेले. शिकवणाऱ्या मुलीनं विचारलं, "काका, घाबरताय कशाला?" मी म्हणालो, पाडव्याला.

जुनी केबल बंद करायचा दिवस आला. दुपारची वेळ. आण्णा म्हणाले, "तू बंद कर." मी म्हणालो, "तुमच्या वडलांचं काम, तुम्ही करा." दोघं एकमेकांकडं बघत उभे. त्यांना वाटत असावं, मी त्यांच्यावर ढकलतोय. मला वाटत होतं, ते माझ्यावर. शेवटी आक्का पदराला हात पुसत आत आली. "दोघं मिळून एक खटका दाबवंना! सरा." तिनं एकेक करून सगळे खटके खाली ओढले. खोलीतला इतक्या वर्षांचा घूं घूं आवाज थांबला. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली, ते पहिल्यांदाच इतकं स्पष्ट ऐकू आलं.

लगेच माझा फोन वाजला. वस्तीवरची एक म्हातारी, जिनं बॉक्स परत केला नव्हता.

"टीव्ही गेला रं बाबा."

"व्हय आज्जी. गेला."

"मग आता कवा यायचा? पाडव्यापतुर ईल का? आन् आलाच तर ऱ्हाईल का?"

आण्णा माझ्याकडं बघत होते, आक्काही. कुणीतरी मला पुन्हा येत्या सालाचं विचारत होतं.

"ते मला ठावं न्हाय, आज्जी," मी म्हणालो. "उद्या सकाळी मी येतो. शिडी घेऊन. तेवढं खरं धरा."