आईच्या खोलीतला ऑलिव्ह ग्रीन

मंडळी, आज आईची खोली रंगवून झाली. रंग मीच निवडला होता, मातकट ऑलिव्ह ग्रीन.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर आमच्या राज्यातून गेलं, त्या काळात आजोबांनी सौंसरला संत्र्याचा बगीचा लावला होता. तो मागच्या वर्षी विकून आम्ही पांढुर्ण्याला आलो.

दुपारी आईनं टीव्हीकडे पाठ करून खुर्ची भिंतीकडे वळवली.

"काय पाहून राहिली व आई?"

"झाडं ताणावर असली की पानं अशीच दिसते."

बहर यावा म्हणून आम्ही संत्र्याचं पाणी तोडतो, तो ताण; मग वेळेवर पाणी परत सोडावं लागतं.

"घेणाऱ्यायनं पाणी सोडलं असंन का रे आता?"

मी हो म्हणालो.

सौंसरचं कोणी आहे का इथं? आमच्या बगीच्यावरून जाल तेव्हा पाहून सांगा, खरंच सोडलं का.