सहा राक्षस आणि एक खुर्ची

सांगलीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पाच कॉम्प्युटर होते आणि त्यातला एकच रंगीत होता. नव्वदीची शेवटची वर्षं. चष्म्याच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून गेलं की दारात चपलांचा ढीग, आत एसी, खिडक्यांना जाड पडदे, आणि प्रत्येक मशीनवर प्लास्टिकचं कव्हर. सर आम्हाला पाय पुसल्याशिवाय आत घेत नसत. कॉम्प्युटरला धूळ लागली की तो आजारी पडतो, असं ते मनापासून सांगत.

एका मशीनवर तिघं-चौघं. मुलांनी दाबायचं आणि मुलींनी बघायचं. असा नियम कुणी केला नव्हता, पण एक मुलगा खुर्चीवर बसायचा, दुसरा स्टूल ओढून घ्यायचा, आणि आम्ही मागे माना उंच करून उभ्या. मी माधवनगरहून सायकल हाणत यायची, ती उभं राहायला. क्लासचा चौथा महिना लागला तरी मी कीबोर्डला हात लावला होता तो फक्त जाताना कव्हर घालण्यापुरता. मला प्रोग्राम लिहायचे होते. डोक्यात रचून ठेवले होते. ते चालतात की तोंडावर पडतात, एवढं मला बघायचं होतं आणि तेवढ्यासाठी मशीन मिळत नव्हतं.

सरांना एकदा सांगून बघितलं. ते म्हणाले, "अगं, बघूनही शिकता येतं." पोहणं बघून शिकता येतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. तेव्हा मी अजून जरा सभ्य होते.

शनिवारी क्लास सुटला की रंगीत कॉम्प्युटरवर राक्षसांचा गेम चालायचा. कुणाच्या तरी पुण्याच्या भावाने फ्लॉपीवरून आणलेला. दोघांनी शेजारी बसून एकाच कीबोर्डवर खेळायचा. जिंकणारा खुर्चीवर राहायचा, हरणारा उठायचा, पुढचा यायचा. सर किल्ल्या वाजवत आले की खेळ बंद, आणि त्या वेळी जो खुर्चीत असेल त्याला पुढचा आठवडाभर प्रॅक्टिकलच्या तासाला तो रंगीत कॉम्प्युटर एकट्याला. एकट्याला! ही कल्पना सरांचीच. पोरं त्या निमित्ताने कॉम्प्युटरला सरावतात असं त्यांचं म्हणणं होतं. पोरं, म्हणजे मुलगे.

बहुतेक आठवडे ती खुर्ची एकाच मुलाकडे असायची. त्याच्या वडिलांचं ट्रॅक्टरचं शोरूम होतं, म्हणून सगळे त्याला शोरूम म्हणत. मुलगा वाईट नव्हता. फक्त ती खुर्ची आपल्यासाठीच सुताराने केली आहे, असं त्याला वाटायचं.

गेम असा होता. बऱ्याच राक्षसांमधून आपण सहा निवडायचे. कुणी आगीचा, कुणी पाण्याचा, कुणी विजेचा, दगडाचा, चिखलाचा, वाऱ्याचा. एका वेळी दोन्हीकडचा एकेकच समोर उभा. प्रत्येक खेपेला दोनच गोष्टी करता यायच्या. एक तर मारायचं, नाहीतर आपला राक्षस आत घेऊन दुसरा बाहेर काढायचा. एकाने बटण दाबताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं, मग दोघांचं मिळून काय झालं ते पडद्यावर दिसायचं. सगळी मुलं आगीचे आणि विजेचेच घेत, फार तर एखादा पाण्याचा. धडाधड मारामारी, पाच मिनिटांत निकाल, मग आरडाओरडा. मार चुकवायला राक्षस आत घेणं म्हणजे घाबरणं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आमच्या भागात प्रत्येक मुलाला जन्मतः आपण पैलवान आहोत असं वाटतं, त्याला कोण काय करणार.

मी खो-खोतली मुलगी. बारावीपर्यंत मी शाळेच्या संघात पळायची, म्हणजे संरक्षणाला असायची. रहिमतपूरच्या एका स्पर्धेत आमची पहिली तुकडी पटापट बाद झाली, दुसऱ्या तुकडीतल्या दोघी गेल्या, आणि मी एकटी आत उरले. पळवणारीचा खांदा कुठे झुकतोय एवढंच बघत मी शिट्टी होईपर्यंत पळाले. तो सामना आम्ही हरलो. पण आमच्या खो-खोच्या बाई मला म्हणाल्या, "पोरी, मारायला काय, कुणीबी जातंय. तू आत टिकलीस." बारावीनंतर माझा खो-खो बंद झाला. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मुलांचा का चालू राहिला, तेही नाही. तो राग माझ्या पोटात तसाच होता, अजूनही थोडा आहे.

तर मी शनिवारी मागे उभी राहून बघत होते. बघून शिकता येतं म्हणे, तर म्हटलं शिकू. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी खुर्चीवर बसलेल्या एकाच्याही लक्षात आली नव्हती. मोठ्या माराला दम मोजका असायचा. आगीचा सगळ्यात मोठा लोळ राक्षस पाचच वेळा टाकू शकायचा. विजेचा कडाकाही तसाच. तो संपला की राक्षस नुसता हातपाय झाडायचा, आणि झाडता झाडता स्वतःलाच इजा करून घ्यायचा. मुलांच्या डावात ही वेळ कधी येतच नव्हती, कारण तोवर कुणी ना कुणी मेलेला असायचा.

मग मी माझे सहा ठरवले. सगळे कुणाला नको असलेले. एक दगडाचा, अवजड, हलायला आळशी, पण विजेने त्याचा केसही वाकडा होत नव्हता. तो पाण्याला मात्र कच्चा. म्हणून दुसरा चिखलातला, जो पाण्याचा मार पिऊन उलट ताजा व्हायचा. चिखल्याला आग सोसायची नाही, म्हणून तिसरा एक कासवासारखा पाण्याचा, त्याला आगीचं काहीच वाटायचं नाही. कासवाला वीज लागायची, की पुन्हा दगड्या आहेच. ही माझी पहिली तुकडी. एकाला जे बाधतं ते दुसऱ्याने अंगावर घ्यायचं, एवढाच हिशेब. दुसऱ्या तुकडीत एक काटेरी, त्याला जो धक्का देईल त्याच्याच अंगात काटे मोडायचे. एक म्हातारी वाटावी अशी राक्षसीण, ती मारायची नाही, बाकीच्यांच्या जखमा भरायची. आणि सहावी एक विषारी घोरपड. एकदा चावायची आणि गप्प बसायची. पुढचं काम विष करायचं.

एका शनिवारी मी म्हटलं, "मी खेळणार."

शोरूमने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि स्टूल पायाने पुढे सरकवलं. "बस की. दोन मिनिटाचं काम हाय."

माझी मैत्रीण, जी रोज माझ्याबरोबर मागे उभी असायची, तिने माझा खांदा दाबला. ती घाबरली होती. मीही घाबरले होते, पण ते दाखवायची माझी तयारी नव्हती.

त्याने पहिलाच विजेचा राक्षस काढला. मी दगड्या. कडाका पडला, काही झालं नाही. मुलं हसली, त्यांना वाटलं गेम बिघडला. मग त्याने पाण्याचा राक्षस काढला, आणि तो आता पाण्याचा मार करणार, ते मला त्याच्या बोटांआधी कळलं. कच्ची जागा दिसली की त्याच्याने राहवत नसे, आणि ते त्याच्या खांद्यावर दिसायचं. तो भिंतीकडे वळला तशी मी चिखल्या काढला. पाणी पिऊन चिखल्या ताजातवाना. त्याने आग काढली, मी कासव. त्याने वीज, मी दगड्या. त्याने रागाने काटेरीला धडका मारल्या आणि स्वतःचा एक राक्षस काट्यांवर घालवला. मधे एकदा घोरपड चावून आली. मधे म्हातारीने जखमा भरल्या. आणि मग ती वेळ आली. त्याच्या आगीच्या राक्षसाचा दम संपला. पडद्यावर तो नुसता हातपाय झाडायला लागला.

"ह्याला काय झालं रं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"दमला," मी म्हटलं.

अर्ध्या तासाने त्याचे सहाही आडवे होते. माझा चिखल्या तेवढा गेला होता. शोरूम उठला, आणि मी स्टुलावरून खुर्चीवर बसले. ती खुर्ची गोल फिरायची. मी एकदा फिरून घेतलं, मुद्दाम.

पुढचा आला, त्यालाही अर्धा तास लागला. तिसरा आला. तो हरत असताना मुलांचा धीर सुटला. "ए, तुला मारायचं कळतंय का न्हाई?" "हा रडीचा डाव हाय!" "गड्या, ही नुसती आत-बाहेर करतीया, ह्याला काय खेळ म्हणत्यात?" शोरूम सर्वांत पुढे. "अंगावर ये की," तो म्हणाला, "दम असंल तर."

"दम तुझा संपला," मी म्हटलं. "माझा हाय अजून."

तेवढ्यात किल्ल्या वाजल्या. मुलांनी सरांना घेरलं. ही खेळलीच नाही, हिने कुणाला मारलंच नाही, राक्षस आपोआप मेले, वगैरे. सरांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्यांना सोपं वाटलं ते केलं. म्हणाले, "असं करू, आजचा डाव सोडून देऊ. पुढच्या शनिवारी नीट खेळू. ऊठ बाळा."

बाळा म्हणाले, म्हणून मला जास्त राग आला.

"सर, मी हरले का?"

"हरली नाहीस गं, पण..."

"मग उठू कशाला?"

मी हाताने खुर्चीची कड धरून ठेवली होती. बोटं पांढरी पडली होती, पण ती टेबलाखाली होती. मैत्रीण येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो आणि सर किल्ल्या या हातातून त्या हातात घेत राहिले. शेवटी ते म्हणाले, "बरं. हा आठवडा तुझा. आता तरी ऊठ, मला कुलूप लावायचंय." तेव्हा मी उठले.

सोमवारी गेले तर शोरूम खुर्चीवर. बघू काय करते, असा त्याचा चेहरा. मी तोंड उघडायच्या आत सर आतून म्हणाले, "ऊठ रे, तिचा आठवडा आहे." हे ते म्हणतील असं मला वाटलं नव्हतं, आणि त्यासाठी मी त्यांना निम्मं माफ केलं.

मी पहिला प्रोग्राम टाकला. एकोणतीसचा पाढा. पडद्यावर लालभडक चूक आली. दुरुस्त केली, दुसरी चूक आली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. त्या माझ्या चुका होत्या, माझ्या बोटांनी केलेल्या. चौथ्यांदा पाढा सरसर खाली उतरला, आणि मी उठून मैत्रिणीला म्हटलं, "बस. आता तू टाक." आठवडा एकट्याला असतो, मुलं म्हणाली. मी म्हटलं, माझा आठवडा आहे, मी त्याचं लोणचं घालेन.

पुढच्या शनिवारी मुलांच्या आग्रहाने नवा नियम आला. डाव दहा मिनिटांचाच. वेळ संपली की ज्याचे राक्षस जास्त जिवंत, तो जिंकला. नियम कुणी शोधून काढला कोण जाणे, पण त्याने विचार केला नव्हता. राक्षस जिवंत ठेवणं, एवढंच तर मला येत होतं! मी जिंकले. त्याच्या पुढच्या शनिवारी मी मैत्रिणीला बसवलं. तिने तर घोरपडसुद्धा बाहेर काढली नाही, नुसती दगड्या, चिखल्या, कासव फिरवत राहिली आणि समोरच्यांचे राक्षस दमून आपणच पडत गेले, ते दात-ओठ खात राहिले. मग वर्गातल्या आणखी दोन मुली शिकल्या. खुर्ची महिनाभर आमच्याकडून हलली नाही. शोरूमने कासव घेऊन बघितलं, पण त्याला मार चुकवून राक्षस आत घ्यायला लाज वाटायची, त्यामुळे जमलं नाही.

मुलांनी शनिवारी थांबणंच सोडलं. मजाच राहिली नाही म्हणाले. सरांनाही कंटाळा आला असावा. एका सोमवारी फ्लॉपी गायब होती आणि भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं होतं. रंगीत कॉम्प्युटर, प्रत्येकाला अर्धा तास, पाळीपाळीने, मुलं-मुली सगळ्यांना. खाली सरांची सही. खेळ कायमचा बंद.

परवा सांगलीत एका लग्नात शोरूम भेटला. टक्कल पडलंय, शोरूम आता त्याचंच आहे. बायकोला माझी ओळख करून देताना म्हणाला, "ही ती. आमचा इतका भारी गेम हिच्यामुळं बंद पडला." तो हसत होता, पण आतून अजून खुपत होतं, ते दिसत होतं. मी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईन असं त्याला वाटलं असेल.

"व्हय," मी म्हटलं. "मीच पाडला."