बायडाच्या वाटणीचं पाणी

भिवराबाईच्या ओसरीत पाय ठेवला की आधी रांजण दिसायचे. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले, तोंडाला दुहेरी फडकं बांधलेले. पावसाळ्यात माळवद एकदा धुऊन निघालं की ती पन्हाळीखाली घागरी लावायची आणि आतून निवळीचं बी घासलेल्या रांजणात ते गढूळ पाणी ओतायची. दोन दिवसांत पाणी आरशासारखं. परसात पेव, त्यात राख आणि लिंबाचा पाला घालून ज्वारी. शिंक्यावर सांडगे, वाळवलेली गवार, अंबाडी. नेकनूरच्या बाजारापर्यंत तिच्या साठवणीचं नाव होतं. पण रांजणावर झाकण ठेवताना ती रोज काय पुटपुटायची, ते फक्त तिच्या महादेवाला ठाऊक.

"छबू, तुझी जीभ वाळंल त्या दिवसासाठी."

छबुबाई ही तिची थोरली जाऊ. भिंतीला भिंत लागून घर. छप्पनिया दुष्काळात वाटणीतला आड छबूकडे होता. तिनं त्यावर फळ्या टाकून कुलूप घातलं आणि "झरा बसला, पाणी आटलं" म्हणून सांगितलं. छबूला मोठ्याई म्हणणारी भिवराची एकुलती लेक बायडा तेव्हा माहेरी आली होती. नवी नवरी, अंगात ताप. भिवरा नदीच्या वाळूत झिरा उकरायला गेली, ती परत आली तेव्हा पोर भिंतीच्या कडेला गार होऊन पडलेली. उशाशी पालथा तांब्या.

"मला हाक आली असती तर धावले नसते का मी?" छबूनं सगळ्या गावाला सांगितलं. फळ्यांखाली पाणी होतं, हे पुढं सगळ्यांनाच कळलं. हाकेचं मात्र कुणाला कळलं नाही.

मग अठराएक वर्षांनी मानमोडीच्या तापाची साथ आली आणि तिच्या पाठोपाठ पुन्हा दुष्काळ. या खेपेला छबूचा आड खरंच बसला. गाव गंगथडीला, गोदावरीच्या काठी निघून गेलं. छबूचा नवरा अर्जुनराव अंथरुणाला खिळलेला, त्याला टाकून ती कुठं जाणार? सरकारी पाण्याची बैलगाडी आली तर आली, नाहीतर चिखलाचं पाणी गाळून प्यायचं. एक दिवस ती भिंतीशी उभी राहिली.

"भिवरे, महादेवाला रोज तांब्याभर ओततीस. मी काय त्या धोंड्याहून वाईट हाय का गं?"

"त्या धोंड्यानं माझ्या लेकीला कवा न्हाई म्हनलं न्हाई."

"जुनं कावून उकरतीस?"

"उद्या या जाऊबाई. आज झरा बसलाय."

"रांजणाला कुठला आला झरा, बये?"

"तुमच्या आडाचा बसला व्हता, तसाच."

आणि अशात आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. त्या दिवशी मेलेल्या माणसाच्या नावानं मातीच्या नव्या घड्यात, केळीत पाणी भरायचं आणि त्याच्या नावानं कुणाला तरी जेवू-पिऊ घालायचं. बायडा अहेव गेलेली, म्हणून तिच्या पाटावर सवाष्णच लागायची. भिवराबाई गावभर हिंडली. अर्धी घरं बंद. राहिलेल्या बायकांची कपाळं मानमोडीनं पुसून टाकलेली. सवाष्ण एकच उरली होती.

देवळात जाऊन ती पिंडीकडे बघत बसली. छबूला थेंब द्यायचा नाही, हे तिनं याच पिंडीवर हात ठेवून म्हटलं होतं. पण सवाष्ण जेवली नाही तर पोर तिकडं वर्षभर तहानेली राहायची.

ऊन डोक्यावर आलं तशी ती भिंतीपाशी गेली. "जाऊबाई, सवाष्ण म्हणून जेवाया या."

"कुनाच्या नावानं?"

"तुमाला ठावं हाय."

छबू आली. विधवेनं सवाष्णीला कुंकू लावायचं नाही, म्हणून भिवराबाईनं कोयरी नुसती पुढं सरकवली. छबूनं आपलं आपण लावलं. पानात भाकरी, सांडग्याची आमटी, कुरडई, गुळाचा खडा. पहिलाच घास छबूच्या घशात अडकला. तिनं हात पुढं केला. भिवराबाईनं केळी छातीशी धरली.

"कोन मागतंय?"

"मी गं..."

"पाटावर आज कोन बसलंय?"

"...बायडा."

"मग तिनं मागितलं तसं मागा."

छबूनं ओठ चाटून बघितले, तेही कोरडे.

"मोठ्याई, घोटभरच दे, म्हनली," ती म्हणाली. "दोन हाका मारल्या. मग न्हाई मारली."

भिवराबाईनं भिंतीला हात टेकला. पोरीचं शेवटचं बोलणं तिला आज कळलं, तेही या तोंडून. केळी आपटून फोडावी असं क्षणभर वाटलं. पण पाणी बायडाचं होतं. तिनं ओतलं. छबू प्यायली, हनुवटीवरून ओघळलेलंही तळहातानं टिपून प्यायली.

दुसऱ्या दिवशी छबू तांब्या घेऊन दारात. "ह्यांच्यापुरतं तरी..."

"कोन मागतंय?"

"छबू."

"छबूसाठी न्हाई. बायडासाठी हाय."

छबूनं मान खाली घातली. "मोठ्याई, घोटभरच दे."

"मोठ्यानं. भिंतीपल्याड ऐकू जाऊ द्या."

पाऊस लागेपर्यंत रोज सकाळी हेच. पावसाच्या अंदाजानं गंगथडीहून परतलेल्या बायका वाटेतच हे ऐकून थांबायच्या.

मिरगानं आड भरला, छबूचं येणं थांबलं. भिवराबाईनं रांजण खरवडून धुतले आणि निवळीचं बी घासून पुन्हा पन्हाळीखाली घागरी लावल्या. मग भिजत देवळात गेली, पिंडीवर तांब्या ओतला आणि मनापासून हात जोडले.

"देवा, छबूला लई वर्सं जगव. आन् तिचा आड आनखी एकदा आटव."