आडवी बेडणी

लाहू आयुष्यभर रस्त्याच्या कडेकडेनेच गेला. बोर्डीजवळच्या पाड्यावरून चिकूच्या वाडीत कामाला जायचा, सायकलला बेडणी बांधून. बेडणी म्हणजे चिकू उतरवायची, टोकाला जाळी लावलेली लांब काठी. ती तो सायकलच्या दांड्यालगत सरळ बांधायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला लागू नये म्हणून. मागून भोंगा वाजला की हा डांबर सोडून मातीत. रस्ता गाडीवाल्यांच्या बापाचाच, असं तो धरून चालला होता.

२०१७ साली त्याची भारती आठवीत गेली आणि तिला शाळेतून सायकल मिळाली. लाहूने मागे धावून धावून शिकवली. सारखं एकच बजावलं, "पोरी, मोठ्या गाडीशी भांडायचा नाय. भोंगा आयकला का खाली उतरायचा." पोर गुणाची, बापाचा शब्द मोडणारी नव्हती.

दिवाळीनंतर रस्ता नवा झाला. डांबर वीतभर उंच आलं, पण कडेला मुरूम टाकायचं कोणाला सुचलं नाही. एका शनिवारी भारती शाळेला निघाली होती. समुद्र बघायला आलेल्यांची एक गाडी भोंगा वाजवत तिला अगदी खेटून पुढे जाऊ लागली. भारती खाली उतरायला गेली, पुढचं चाक कडेवरून घसरलं, तोल गेला आणि ती गाडीखाली आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"तीच मध्ये आली," गाडीवाला सगळ्यांना सांगत राहिला. मध्ये कसली येते! ती बाजूला होत होती, बापाने शिकवल्यासारखी. हे लाहूला पक्कं ठाऊक होतं आणि तेच त्याला जगू देईना.

महिना गेला. बायको सुकी म्हणाली, "वाडीवाला दोनदा इचारून गेला. जा आता." लाहू उठला. बेडणी नीट बांधायला हात चालेनात, म्हणून त्याने ती कॅरियरवर तशीच आडवी टाकून दोरी आवळली. काठी रस्त्याच्या अंगाला चांगली दोन हात बाहेर आली.

त्या दिवशी गाड्या मागून आल्या, भोंगे वाजले, शिव्याही मिळाल्या. पण एकही गाडी त्याला खेटली नाही. प्रत्येक जण वेग कमी करायचा आणि लांबून वळसा घालून जायचा.

भारती पडली होती तिथे लाहू सायकलवरून उतरला आणि भर उन्हात हमसून हमसून रडला.

संध्याकाळी सुकीने भाकर वाढली. त्याने हात लावला नाही.

"गाडीला ओरखडा येल म्हणून लांबून जातात गं," तो म्हणाला. "बेडणी तर घरातच होती."