वानगीची मूठ

लंकाबाई भीक मागत नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. तसं कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. ती फक्त वानगी मागायची.

सोनईच्या बाजारात ज्वारी घेणाऱ्यानं आधी मूठभर दाणे उचलायचे, फुंकर मारायची, दोन दाणे दाताखाली फोडून बघायचे, ही जुनी रीत. ती मूठ कुणी परत मागत नसे. बहात्तरच्या दुष्काळात लंकाबाईची चूल या रीतीवर पेटत होती. नवरा भिमाजी दम्यानं अंथरुणाला खिळलेला, लेक चांगुणा ओली बाळंतीण, आणि दुष्काळी कामावर खडी फोडताना लंकाबाईचा स्वतःचा डावा हात चेचलेला. मग काय करणार?

धुतलेलं लुगडं नेसून, काखेत रिकामी पिशवी मारून ती ऐटीत बाजारात शिरायची. भाव विचारायची, मूठ घ्यायची, दाणा चावायची आणि तोंड वाकडं करायची. "किडकी हाय," नाहीतर "भाकरी चिवट हुईल हिची." पुढं सरकताना मूठ गुपचूप ओच्यात जायची. बारा-पंधरा ढिगांमागं दोन भाकरींची सोय व्हायची. सुगीच्या दिवसांत आपणही सढळ हातानं वानगी दिलीय, तेच आता परत घेतोय, अशी ती मनाची समजूत घालायची. मन काही ऐकत नव्हतं.

त्या दिवशी बाजारात ढीगच मोजके होते. रंगनाथ व्यापाऱ्याच्या दुकानाशेजारी एक अनोळखी बाई फडक्यावर जेमतेम दोन शेर ज्वारी मांडून बसली होती. "पोराच्या औषदाला इकते, बाई," ती म्हणाली. इतक्या लहान ढिगाला लंकाबाई कधी हात लावत नसे. आज लावला.

मूठ उघडून पाहिली तर पांढरा दाणा, पिवळा दाणा, हायब्रीडचा लालसर दाणा, सगळे एकत्र. सवयीनं तोंड वाकडं झालं आणि सवयीनंच ती ठसक्यात बोलून गेली, "मिसळीची हाय गं ही! धा ढिगांची दिसती."

बोलल्यावर तिला उमगलं. पण रंगनाथनं ऐकलं होतं. तो उठून आला, दाणे चाळले आणि ओरडला, "कुठल्या रानात पिकली गं? आमचीच वानगी गोळा करून आमच्याच बाजारात इकती व्हय?"

त्यानं फडकं लाथेनं उडवलं. ज्वारी मातीत गेली. भोवतीची माणसं हसली, दोघीचौघी थुंकल्या. मग रंगनाथ आपल्या पोत्यातली ओंजळ भरून लंकाबाईपुढं आला. "घ्या मावशी. तुमची नजर पक्की. तुमी हुता म्हनून कळलं."

ती बाई गुडघ्यांवर बसून मातीतले दाणे वेचत होती. तिनं मान वर केली. लंकाबाईच्या फुगलेल्या ओच्याकडं पाहिलं, मग तोंडाकडं. तिला सगळं कळलं होतं. एक शब्द बोलली असती तर लंकाबाईचीही तीच गत झाली असती. पण ती मान खाली घालून पुन्हा दाणे वेचू लागली.

लंकाबाईनं पदर पसरून रंगनाथची ओंजळ घेतली.

घरी त्या दिवशी चार भाकरी झाल्या. चांगुणा पोटभर जेवली. "तू बी खा की आये," ती म्हणाली. आपल्याला घास उतरणार नाही, असं लंकाबाईला वाटेभर वाटत होतं. पण भूक फार होती. तिनं खाल्लं, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.