टेलिफोनवालीचं विमान

टेलिफोनवालीबद्दल लिहायचं तर आधी हे लिही की मला ती आवडायची नाही. गोड गोड काही घालू नकोस. तुझे आजोबा तिला मानायचे, गल्ली मानायची, मी नाही मानायची.

ती टेलिफोनच्या कचेरीत होती. डोक्याला ते ऐकायचं यंत्र लावून बसायचं, ह्याची तार त्याला जोडायची, त्याची ह्याला, असं एकतीस वर्षं. त्यामुळे तिचे एका बाजूचे केस कायमचे चपटे झाले होते. निवृत्त झाली तरी ते उठले नाहीत. लग्न नाही केलं. आईला सांभाळलं, आई गेली, मग आपल्यापासून दोन गल्ल्या सोडून चांभाराच्या दुकानावरच्या खोलीत एकटी राहायची. तिला नंबर विसरायचा रोगच नव्हता. पाववाल्याला पाववाला म्हणायची नाही, त्याच्या फोनचा नंबर म्हणायची. "आज तीनशे सतराकडे पाव शिळा होता." आपल्याकडे तेव्हा फोन नव्हता, म्हणून मी नुसती वहिनी.

आजोबा तुझे नंबरपाट्या रंगवायचे हे तुला ठाऊक आहे. गाड्यांच्या. पत्रा मी कापायची, कडा कानशीनं घासायची, कुणाचा हात कापला जाऊ नये म्हणून. अक्षरं त्यांची. मला वाचता येत नाही, पण कडा घासता घासता ती अक्षरं हजारदा डोळ्याखालून गेली. दांडी कुठली, गोल कुठला, पोटवाला कुठला, हे मला झोपेतही कळायचं. नाव तेवढं कुणाला काय म्हणतात ते माहीत नव्हतं.

आणि आजोबांना वेड विमानांचं. उडतं कसं ह्याचं त्यांना काही नाही. शेपटीवरची अक्षरं. म्हणायचे, माणसाएवढं अक्षर, वाकड्या पत्र्यावर, कुणीतरी शिडीवर चढून सरळ काढलंय. सुटीच्या दिवशी दुर्बीण घेऊन विमानतळाच्या कुंपणाकडे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, मी येऊ का. म्हणाले, तुला कंटाळा येईल. मी परत विचारलं नाही. तेव्हा समोर विमानच होतं. विमानाचा राग किती दिवस धरणार?

मग ही आली. स्कूटरची पाटी करायला. दुकानाच्या भिंतीवर आजोबांनी विमानांच्या शेपट्यांचे नंबर उतरवून ठेवले होते, त्यातला एक बघून म्हणाली, हे मागच्या मार्चमध्ये येऊन गेलं, शेवटचं अक्षर चुकलंय तुमचं. आजोबांचं अक्षर चुकलं म्हणणारं माणूस तोवर जन्मलं नव्हतं. मी आतून कानशीचा आवाज थांबवला. आता हे चिडतील म्हटलं. तर हे हसले. तिला बसायला स्टूल दिलं. ज्या स्टुलावर मी बसायची, ते.

तिथून जोडी जमली. त्यांची एक रीत होती. एकानं दुर्बिणीतून नंबर वाचायचा, दुसऱ्यानं लिहायचा. मग दुर्बीण दुसऱ्याकडे द्यायची आणि त्यानं वाचायचा. दोघांचं जुळलं तरच वहीत पक्कं करायचं. आणि स्वतःच्या डोळ्यांनी नाही बघितलं तर कुणी कितीही सांगो, लिहायचं नाही. म्हणजे बघ, दोन माणसं लागायचीच, आणि दोघांना वाचता यायला हवं. मी त्यात कुठे बसणार?

शेजारीण एकदा म्हणाली, तुमचे हे बसच्या थांब्यावर तिच्याशी किती हसतात हो. मी म्हटलं, विमानाचे विनोद असतील. पण रात्रभर... रात्रभर नको लिहूस, चार दिवस लिही. चार दिवस मी पत्र्याच्या कडा नको तितक्या घासत होते.

त्याच आठवड्यात गावात देशोदेशीच्या सरकारांची मोठी सभा भरली. तीन दिवस. प्रत्येक सरकार आपापल्या विमानातून येणार. आजोबा लहान मुलासारखे झाले होते. आणि टेलिफोनवाली एकाच विमानासाठी जीव टाकत होती. कुठल्याशा बेटांच्या देशाचं, छोटं, पांढरं, हिरवा पट्टा, तीन इंजिनं मागे. त्या सरकारकडे एवढं एकच होतं आणि ते म्हातारं झालं होतं. सभेहून परत गेलं की भंगारात देणार, असं पेपरात आलेलं. अकरा वर्षं ती त्याची वाट बघत होती. दोनदा येऊन गेलं, दोन्ही वेळा ही कामावर. आता नाही दिसलं तर कधीच नाही. हे मला आजोबांनी जेवताना तीनदा सांगितलं. माझ्या बहिणीचं ऑपरेशन होतं ते त्यांना दोनदा सांगावं लागलं होतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मी पण येते. आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू पत्र्यानं तोंड उघडलं.

कुंपणाकडचा रस्ता पोलिसांनी बंद केला होता. म्हणून ही दोघं गाद्यांच्या कारखान्याच्या गच्चीवर जायची. मालक आजोबांचा गिऱ्हाईक. लोखंडी जिना मागच्या अंगाला, आणि मागून धावपट्टी दिसत नाही, हे लक्षात ठेव. वर कापसाची पोती, पाण्याची टाकी आणि वारा. टेलिफोनवालीनं कॅनव्हासचे बूट घातलेले, गळ्यात मफलर. मला म्हणाली, बरं झालं वहिनी आलात. मी म्हटलं, हो, बरंच झालं.

तिनं थर्मासमधून आजोबांना चहा दिला. मी म्हटलं, साखर? ती म्हणाली, ते बिनसाखरेचा घेतात ना. मी आजोबांकडे बघितलं. आजोबा टाकीकडे बघायला लागले. वीस वर्षं माझ्या हातचा दोन चमचे साखरेचा चहा पिणारा माणूस. घरी कधी सांगितलं नाही, आणि गच्चीवर बिनसाखरेचा. बाई परवडली असती, पण हा चहा माझ्या घशाखाली उतरला नाही.

अडचण एकच होती. खाली फाटकावर एक हवालदार बसलेला. गच्चीवर कोण कोण आहे ते तो दर दोन तासांनी वहीत लिहून घ्यायचा. जिना चढायला त्याला नको, म्हणून आपण एकेकानं खाली जाऊन सही करायची. म्हणजे खाली गेलेल्याला काही दिसणार नाही. त्यावर आजोबांनी तोड काढली. डब्याचं मोठं झाकण आणि चमचा माझ्या हातात दिला. म्हणाले, काही आलं की तू वाजव, खालचा माणूस धावत वर येईल. लिहायचं काम नाही, वाचायचं नाही. एवढंच. मला दिलेलं काम. लहान मुलाला खुळखुळा देतात तसं.

सकाळी आजोबा सहीला गेले तेव्हा मी वाजवलं. आजोबा धापा टाकत आले, मोठं निळं विमान होतं, मिळालं. टेलिफोनवाली म्हणाली, शाबास वहिनी. ते शाबास तर मला जास्तच झोंबलं. मी अंगठा उठवायला गेले तेव्हा हवालदारानं विचारलं, सही येत नाही? वरून त्या दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. मला नाही हसत होते, कळतंय मला. पण तेव्हा नाही कळलं.

दुपारी तिची पाळी आली. ती खाली उतरली. तिचा गुडघा दुखायचा, एकेक पायरी मोजत गेली. ती दिसेनाशी झाली आणि पलीकडच्या ढगातून ते आलं. मी आधी बघितलं. आजोबांच्याही आधी. छोटं, पांढरं, हिरवा पट्टा.

माझ्या मांडीवर झाकण होतं. मी ते बाजूला ठेवलं आणि त्याच्यावर बसले.

आजोबा दुर्बीण लावून ओरडले, वाजव. मी नाही वाजवलं. परत म्हणाले, अगं वाजव ना. डोळा काढता येईना त्यांना दुर्बिणीतून. विमान टेकलं, धावलं, वळलं आणि मोठ्या शेडच्या मागे गेलं. संपलं. एवढ्यात ती वर आली. आजोबांचं तोंड बघितलं आणि तिला कळलं. "तेच होतं का?" आजोबा म्हणाले, तेच. ती पोत्यावर बसली, बुटाची नाडी सोडली, परत बांधली. म्हणाली, छान दिसलं का. आजोबांनी नुसती मान हलवली. मी म्हटलं, वाऱ्यात मला ऐकूच आलं नाही हे काय म्हणाले ते. उरलेला चहा तिनं मला दिला. त्यात तिनं दोन चमचे साखर घातली होती. आणली कुठून, देव जाणे.

परत येताना बसमध्ये आजोबांनी वही काढली. खिशातली पट्टी काढली. पट्टी ठेवून, एक सरळ रेघ मारली त्या दिवसाच्या एका नंबरावर. मी म्हटलं, काय खोडताय. म्हणाले, "एकट्यानं बघितलं. जुळवायला दुसरं कुणी नव्हतं." आणि मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तू झाकणावर बसली होतीस."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्यासाठी ह्या माणसानं आयुष्यात काही खोडलं नव्हतं. आमच्या लग्नाची तारीख चुकीची लिहिलेली कागदावर, तीसुद्धा तशीच होती. आणि मिळालेलं विमान तिच्यासाठी खोडलं. माझं काळीज कानशीनं घासल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी विमानं परत जाणार होती. आजोबा उठलेच नाहीत. म्हणजे उठले, आणि पाट्या रंगवायला बसले. म्हणाले, मला तिला तोंड दाखवता येणार नाही. आठ वाजता ती दारात. बूट, मफलर, थर्मास. "चलायचं ना?" आजोबा ब्रश खाली ठेवीनात. दारात ती, दुकानात ते, मध्ये मी. आता हे दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत, म्हणजे मला पाहिजे होतं ते झालंच होतं की. पण ती तिथे उभी होती आणि तिचे ते एका बाजूचे चपटे केस मला दिसत होते.

मी चप्पल घातली, खुंटीवरची ह्यांची दुर्बीण घेतली. म्हटलं, ह्यांना काम आहे, मी येते.

गच्चीवर आम्ही दोघीच. मग मी सांगितलं. सरळ सांगितलं, मला ऐकू आलं होतं, मी झाकणावर बसले होते. ती म्हणाली, "मला जिन्यातच आवाज आला होता, वहिनी. तीन इंजिनांचा. धावले असते तर निदान शेपटी दिसली असती."

"मग धावला का नाहीत?"

"झाकणाची वाट बघत होते."

मला वाटलं ह्या गच्चीनं मला पोटात घ्यावं. तिनं मग सांगितलं, टेलिफोनात असताना त्या बेटांवरच्या टेलिफोनच्या कचेरीतली एक बाई पलीकडून बोलायची. नऊ वर्षं, रोज दोन-तीनदा. चेहरा कधी बघितला नाही. तिला एकदा विचारलं, तुमच्याकडे बघण्यासारखं काय. तर म्हणाली, समुद्र तुमच्याकडेही असेल, पण आमच्याकडे एक विमान आहे, सगळं गाव आवाज ओळखतं. मग तारा बदलल्या, यंत्रं आली, ती बाई कुठे गेली कळलं नाही. मी तेव्हाही जळले बघ. नऊ वर्षं कुणी माझ्याशी रोज बोललंय आणि मला विसरलं नाही, असं मला कुणीच नव्हतं.

हवालदार खालून ओरडला, सह्या करा. ती उठली नाही. मीही उठले नाही. तो ओरडत राहिला. वारा फिरला तर विमानं उलट्या टोकानं उडणार होती आणि मग नुसता ठिपका दिसला असता. वारा फिरला नाही.

ते निघालं. शेडमागून आलं, वळलं, आणि आमच्या समोरून धावत गेलं. तिनं दुर्बीण लावली, एकेक अक्षर म्हणाली, आवाज टेलिफोनवरचा, जराही हलला नाही. लिहिलं. मग दुर्बीण माझ्या डोळ्याला लावली. मी म्हटलं, अहो, मला वाचता येत नाही. म्हणाली, "काय दिसतंय ते सांगा." मी सांगितलं. एक आडवी रेघ डोक्यावर असलेली दांडी. मग छोटी रेघ. मग पोटवालं, मग दोन गोल एकावर एक, शेवटी उघड्या तोंडाचं. तोवर विमान उचललं गेलं होतं. तिनं कागद बघितला, माझ्याकडे बघितलं. "जुळलं." आणि पक्कं केलं. माझ्या अंगठ्याचा ठसा घेतला तिनं त्याच्या बाजूला, शाईच्या पेनानं अंगठा रंगवून.

घरी आलो तर आजोबांनी चार पाट्या रंगवल्या होत्या, त्यातल्या दोन चुकलेल्या. टेलिफोनवालीनं कागद दाखवला. त्यांनी अंगठा बघितला, मला बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला जसा माझा स्टुलाच्या दिवशी झाला असेल. म्हणाले, बरं झालं. आणि चार दिवस दोघींशी धड बोलले नाहीत. खोडलेला नंबर खोडलेलाच राहिला, रीत त्यांचीच होती, काय करणार.

पाचव्या दिवशी जेवताना हळूच विचारलं, उडताना कुणीकडे वळलं गं ते, डावीकडे की उजवीकडे. मी म्हटलं, तुमच्या टेलिफोनवालीला विचारा.

म्हणाले, "विचारलं. ती म्हणते वहिनींना विचारा."

मी त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि सांगितलं नाही.